नागपूरहून पहिल्यांदा तंबूत राहायला जाताय? आधी झाड बघा

पहिल्या खेपेला आम्ही खिंडसीच्या काठावर, पाण्यापासून जेमतेम दहा पावलांवर तंबू लावला होता. कारण एवढंच की फोटो तिथून झकास येत होते. राखणदार म्हाताऱ्या काकांनी लांबून सांगितलं, "भाऊ, तिथं नका लावू. रातच्याला लय ओल उतरते. त्या करंजाखाली घ्या." आम्ही हसून मान डोलावली आणि खुंट्या तिथंच ठोकल्या. पहाटे तीनला आम्ही चौघे पांघरुणांसकट कारमध्ये बसलो होतो. तंबूच्या छतातून पाणी टपकत होतं आणि पाऊस तर कुठेच नव्हता. करंजाखालचं कुटुंब मात्र सकाळी सातपर्यंत घोरत होतं.

त्यानंतर बऱ्याच रात्री तलावाकाठच्या झाडीत काढल्या. नवीन माणसाने विचारलं की मी तंबूच्या कंपनीबद्दल बोलायच्या आधी झाडाबद्दल बोलतो. म्हणून हा लेखही तसाच आहे.

महिना ठरवा, मग जागा

आपल्याकडचं जंगल पानगळीचं. साग, ऐन, धावडा, तेंदू, सालई, मोह ही मंडळी पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला गच्च सावली देतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत उघडी पडतात. 'घनदाट सावलीतलं कॅम्पिंग' अशा जाहिरातीतला फोटो बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरचा असतो. तोच फोटो बघून मार्चमध्ये गेलात, तर सागाच्या खांबांखाली उन्हात बसाल आणि पायाखाली वाळलेली पानं पापडासारखी वाजत राहतील.

म्हणून नवख्यांसाठी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचा काळ. ऑक्टोबरचा उकाडा संपलेला असतो, सागावर बऱ्यापैकी पानं असतात आणि तलाव भरलेले असतात. उन्हाळ्यात तंबूचा विचारच सोडा. मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंशांपर्यंत पारा गेला होता. अशा दिवसांत तंबूचं कापड म्हणजे भट्टी. पावसाळ्यात विजा, चिखल आणि साप, तेव्हा तोही नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात गारपीट होते, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज बघायला विसरू नका.

थंडीला मात्र हलकं घेऊ नका. उन्हाळ्यामुळे नागपूरकरांना वाटतं की आपल्याकडे कसली थंडी! २९ डिसेंबर २०१८ ला शहरात ३.५ अंश तापमान नोंदलं गेलं. आणि तलावाकाठचं मोकळं रान शहरापेक्षा नेहमीच थंड असतं.

जागा कुठे

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी खिंडसी सुचवतो. नागपूरहून कामठी, कन्हान करत मनसरला पोचायचं आणि उजवीकडे रामटेककडे वळायचं. रामटेक साधारण पन्नास किलोमीटर. स्वतःची गाडी नसेल तर एसटी आहे, इतवारीहून रेल्वेही आहे. खिंडसी म्हणजे सूर नदी अडवून झालेला मोठा जलाशय, आजूबाजूला टेकड्या. काही अडलं तर रामटेक गाव आणि तिथला दवाखाना हाकेच्या अंतरावर. पहिल्या रात्रीसाठी हे फार महत्त्वाचं आहे, भले तुम्हाला ते रोमांचक वाटो न वाटो.

दुसरी पायरी पेंचच्या बाजूची. सिल्लारीकडे गेलात की नागपूरपासून सत्तरेक किलोमीटरवर पूर्ण अंधार मिळतो. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क'चा मान मिळाला, देशातला पहिलाच. डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या सुमारास मिथुन राशीतून उल्का पडतात. चंद्र नसेल तर त्या रात्री झोपायला गेलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. गोंदिया जिल्ह्यातलं नवेगाव बांध तिसरं. कोहळी समाजाने बांधलेल्या जुन्या तलावांपैकी ते एक, पण लांब पडतं. तिथं दोन रात्रींच्या बेतानेच जा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जंगल दिसलं, तलाव दिसला, गाडी लावली आणि तंबू ठोकला, असं नागपूरच्या भोवती चालत नाही. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा असे वाघांचे प्रदेश चारी बाजूंना आहेत. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं आणि तिथं आग पेटवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. वनविभागाची किंवा गावसमितीची अधिकृत मुक्कामाची जागा असेल तिथे, नाहीतर कुंपण असलेल्या खासगी शेतावर किंवा रिसॉर्टच्या आवारात राहा.

फोनवर बुकिंग करताना लोक फक्त जेवणाचं विचारतात. त्याआधी हे विचारा: कुंपण आहे का? रात्री राखणदार जागा असतो का? संडास तंबूपासून किती लांब, आणि वाटेत दिवा आहे का? शेकोटीसाठी वेगळी जागा आहे का? शनिवारी स्पीकर लावतात का? (लावतात. म्हणून मी मंगळवार-बुधवार बघतो.) आणि शेवटचा माझा आवडता प्रश्न: झाडं कोणती आहेत? समोरच्याला हे धड सांगता आलं तर माणूस जागेवर राहणारा आहे असं समजा. "झाडं आहेत ना सर, भरपूर" असं उत्तर आलं तर तो नागपुरात, बर्डीच्या बाजारात बसून फोन उचलतोय.

सामान

तंबूच्या पिशवीवर 'चार माणसांचा' लिहिलेलं असेल तर तो सामानासकट दोघांचा समजा. पहिल्याच वेळी विकत घेऊ नका, बहुतेक ठिकाणी भाड्याने मिळतो. दोनतीनदा जाऊन आलात आणि अजून हौस शिल्लक असेल तर मग खर्च करा.

थंडी वरून येते असं आपल्याला वाटतं, पण झोपलेल्या माणसाला खरी थंडी जमीन देते. अंगावर दोन ब्लँकेट आणि खाली नुसती चटई असा प्रकार केलात तर पहाटे पाठ बर्फ होते. खाली ताडपत्री, त्यावर तंबू, आत फोमची गादी किंवा जाड सतरंजी दुमडून, आणि वर एक ब्लँकेट. दोन पांघरुणं असतील तर एक खाली घाला. इतवारीतून ताडपत्री घेताना तंबूच्या तळापेक्षा थोडी लहान घ्या किंवा कडा आत दुमडा. बाहेर डोकावणाऱ्या ताडपत्रीवर दव आणि पाऊस साचतो आणि सगळं पाणी सरळ तुमच्या अंथरुणाखाली येतं.

बाकी नेहमीचं: डोक्याला बांधायची बॅटरी, कानटोपी, पायमोजे, दुपट्टा, पूर्ण बाह्यांचे कपडे, डासांचं मलम, ओआरएस, घरातली रोजची औषधं, दहा मीटर नायलॉनची दोरी. पाणी माणशी पाच लिटर धरा. तलावाचं पाणी प्यायचं नाही. नवेगाव खैरीच्या धरणातून आपल्या नळाला येणारं पेंचचं पाणी शुद्धीकरण होऊन येतं, तलावाच्या काठावरचं गुरं बसलेलं पाणी नव्हे.

लोखंडी खुंट्या मात्र वेगळ्या घ्या. तंबूबरोबर मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या काड्या रामटेककडच्या मुरमात पहिल्याच घावाला वाकतात, आणि काळ्या मातीत ओल असेल तर सकाळपर्यंत आपोआप वर येतात.

झाड कसं निवडायचं

दुपारी तीनच्या आत पोचा. डिसेंबरात साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि बॅटरी तोंडात धरून तंबू लावण्यात काही शौर्य नाही. पोचल्यावर लगेच सामान काढू नका. चहा मागवा आणि अर्धा तास नुसते फिरा.

पाण्यापासून निदान पन्नास-साठ पावलं मागे या, आणि काठापेक्षा थोड्या उंचावर. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि तलावाच्या खोलगट काठावर साचते. त्यात पाण्याची वाफ मिसळते. मोकळ्या आकाशाखालचं कापड आपली ऊब वर सोडून देतं आणि गार पडतं, मग त्यावर दव धरतं. झाडाच्या छत्रीखाली हे खूप कमी होतं. काका म्हणत होते ती 'ओल' हीच. आमच्या छताचं अर्धं पाणी तर आमच्याच श्वासाचं होतं, कारण थंडीला घाबरून आम्ही चारही खिडक्या बंद केल्या होत्या. जाळी लावा आणि वरची झडप चार बोटं उघडी ठेवा, कितीही थंडी असली तरी.

कुठलं झाड? हिवाळ्यात पानं धरून ठेवणारं हवं. आंबा, जांभूळ, करंज, वड. पाण्याजवळ अर्जुन असतो, पांढऱ्या गुळगुळीत बुंध्याचा, तोही चांगला. सागाखाली डिसेंबरात चालेल, पण त्याची ताटाएवढी पानं रात्रभर तंबूवर आपटतात आणि नवीन माणूस प्रत्येक पानाला बिबट्या समजून उठून बसतो.

मग मान वर करा. वाळकी फांदी लटकलेली दिसली तर पुढे चला. सालईचं लाकूड ठिसूळ, तिच्याखाली नकोच. उंच झाडावर आग्या मोहोळ आहे का नीट बघा. काळसर, अर्धचंद्रासारखी पोळी फांदीच्या खालून लोंबतात. खाली शेकोटीचा धूर झाला की माश्या उठतात, आणि त्यांच्यापासून तलावात उडी मारूनही सुटका होत नाही. आंब्या-जांभळावर पानं चिकटवून केलेली घरटी दिसली तर ती लाल मुंग्यांची. बुंध्याखालची जमीन पांढऱ्या विष्ठेने रंगलेली असेल तर वर बगळ्या-पाणकावळ्यांचा मुक्काम आहे, ते साडेपाचला घरी येतात.

आणखी एक. जे झाड सध्या जेवायला घालतंय त्याखाली झोपू नये. म्हातारी माणसं सांगतात की बेहड्याखाली भूत राहतं. भुताचं मला माहीत नाही, पण हिवाळ्यात बेहड्याची फळं गळतात आणि ती खायला चितळं, वानरं येतात, आणि चितळांच्या मागून काय येतं ते सांगायला नको. बोरीच्या झुडपांत बोरं पिकली की अस्वल येतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली तर तंबू लावूच नका. मोहफुलांवर अस्वलाचा जीव असतो आणि त्या वेळी त्याला तुमची अडचण होते.

आता दिशा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कललेला जातो. सकाळचं ऊन तुम्हाला हवं असतं, कारण तंबू वाळायला हवा आणि हातपाय शेकायला हवेत. दुपारचं नको असतं. म्हणून तंबूच्या नैऋत्येला झाड आणि आग्नेयेला मोकळं, अशी जागा शोधा. मोबाइलमधलं होकायंत्र एकदाचं कामाला येईल. दार पाण्याकडे ठेवायचा मोह होतो, पण तलावावरून वारा येत असेल तर पाठ तिकडे करा. दृश्य बघायला बाहेर खुर्ची टाकता येते.

तंबू लावायच्या आधी जमिनीवर आडवे होऊन बघा. लोक हसतील. पाठीखालचा एक खडा किंवा मूळ दोन मिनिटांत कळतं आणि डोकं कुठल्या बाजूला करायचं तेही. वारूळ किंवा उंदराचं बीळ जवळ असेल तर जागा बदला. उंदीर तिथे साप.

शेकोटी आणि रोडगे

काही ठिकाणी जेवण तयार मिळतं आणि बहुतेक वेळा ते सावजी रश्श्याच्या नावाखाली तिखट पाणी असतं. तुम्ही थोडी मेहनत घ्यायला तयार असाल तर रोडगे करा. आपल्या भागात शेतावर, देवाला नवस फेडायला, नदीकाठी रोडगेच होत आलेत. कॅम्पिंगला याहून सोयीचं अन्न नाही, कारण तवाही लागत नाही.

घरूनच जाडसर दळलेली कणीक न्या, ओवा आणि मीठ घातलेली. तिथं तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवा. पोळीसारखं थापून तेल लावायचं, घडी घालायची, असं दोनतीनदा करून त्याचा गोळा वळायचा. शेकोटीच्या ठरलेल्या खड्ड्यात गोवऱ्या पेटवा, धूर आणि ज्वाळा संपून लाल निखारे उरले की त्यात गोळे ठेवून वरून राख-निखारे ओढा. नवखे इथंच घाई करतात, ज्वाळेत गोळे टाकतात, मग बाहेर कोळसा आणि आत कच्ची कणीक. अर्धा-पाऊण तास लागतो, अधूनमधून फिरवा. त्याच निखाऱ्यात कडेला वांगी आणि लसणाच्या गड्ड्या भाजायला टाका. रोडगा काढून फडक्याने राख झटका, दाबून फोडा, आणि तुपात बुडवा. तुपात कंजूषी केली तर तो दगड राहतो. वांग्याच्या भरतात हिरवी मिरची आणि भरपूर सांबार (पुण्या-मुंबईचे पाहुणे बरोबर असतील तर आधीच सांगा की सांबार म्हणजे कोथिंबीर, नाहीतर ते इडली शोधत बसतात).

गोवऱ्या आणि लाकूड आपल्याबरोबर न्या किंवा तिथून विकत घ्या, जंगलातून उचलू नका. सागाचा वाळका पाला निखाऱ्याच्या एका ठिणगीने पेट घेतो. खड्ड्याभोवती दोन-दोन मीटर पाला झाडून टाका. झोपायच्या आधी पाणी ओता, काडीने ढवळा, परत पाणी ओता, आणि उलटा हात राखेजवळ नेऊन बघा. गरम लागली तर पुन्हा.

निखाऱ्याची शेगडी तंबूत घेऊ नका. दरवर्षी थंडीत कोणीतरी बंद खोलीत शेगडी घेऊन झोपतं आणि सकाळी उठत नाही. त्या वायूला वास नसतो, खोकलाही येत नाही. फारच थंडी असेल तर बाटलीत गरम पाणी भरा, पायमोज्यात घाला आणि पायाशी घ्या.

रात्र

उरलेलं अन्न, फळं, बिस्किटं, अगदी टूथपेस्टसुद्धा गाडीत ठेवा. तंबूत नाही. संत्र्याच्या सालीचा वास रानडुकराला लांबून येतो आणि वानरं पहाटे चेन उघडायला शिकलेली आहेत. तंबूची चेन कायम बंद. आपल्याकडचा मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. त्याच्या दंशाची खूण बारीक असते, दुखतही नाही फारसं, म्हणून धोका जास्त. पोटात दुखणं, पापण्या जड होणं, बोलताना जीभ अडखळणं असं काही झालं तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. बांधाबांधी, चिरणं, मांत्रिक यातलं काही नाही. सकाळी बूट घालण्याआधी झटका.

रात्री बाहेर जायचं तर दोघांनी, बॅटरी लावून, आपसांत बोलत. उघड्यावर झुडपाआड बसू नका. उभ्या माणसाला वाघ-बिबट्या टाळतो, वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही. बुकिंगच्या वेळी संडासाचं अंतर विचारायला सांगितलं ते यासाठी.

आवाजांची सवय व्हायला एक रात्र लागते. टिटवी कशालाही ओरडते, तिकडे लक्ष देऊ नका. कोणीतरी लाकडावर एका लयीत ठोकतंय असं वाटलं तर तो रातवा पक्षी. चितळाची तीक्ष्ण शीळ एकाच दिशेने परत परत आली, तर त्याने काहीतरी पाहिलेलं असतं. तंबूतच राहा आणि राखणदाराला फोन लावा. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे, तो आणि राखणदाराचा नंबर दोन्ही उजेडातच साठवून ठेवा, आणि संध्याकाळीच बघून घ्या की मोबाइलला रेंज नक्की कुठे उभं राहिल्यावर मिळते.

तलावात रात्री उतरायचं नाही, दिवसाही नाही. काठाशी गाळ असतो, त्यात गुडघ्यापर्यंत पाय रुततो, आणि पेंचच्या जलाशयात मगरी आहेत. नावेत बसायचं तर जीवरक्षक जाकीट घालून.

सकाळ

सहाला उठा. पाण्यावर धुकं असतं आणि हिवाळी पाहुणे त्याच वेळी काठाशी येतात. केशरी चक्रवाक जोडीने दिसतात, काळे चांदवे घोळक्याने. दुर्बीण नसली तरी चालेल, पण मोठ्याने बोललात तर सगळे तलावाच्या मध्यावर निघून जातात.

तंबू लगेच गुंडाळू नका. आग्नेयेकडचं ऊन त्यावर दहापर्यंत पडू द्या, तोवर मनसरच्या नाक्यावर जाऊन तर्री-पोहे खाऊन येता येतं. कचरा, सिगारेटची थोटकं, खुंट्या, दोरीचे तुकडे मोजून परत घ्या. संत्र्याची सालं 'नैसर्गिक' म्हणून फेकू नका, उद्या त्याच झाडाखाली दुसरं कोणीतरी झोपणार आहे. आणि घरी आल्यावर, कितीही दमलेले असा, तंबू गच्चीवर पसरा. वाळला असं वाटलं तरी शिवणीत ओल राहते आणि आठवड्याभरात बुरशीचे काळे ठिपके धरतात. आमच्या पहिल्या तंबूवर ते अजून आहेत.